कौशल्यांच्या यादीत उर्दू का नाही?

फ्रीलान्स वेब डिझायनर म्हणून काम शोधणारी आपली मुलं-मुली अधूनमधून मला बायोडेटा दाखवतात. यादी बहुतेक सारखीच असते : एचटीएमएल, सीएसएस, वर्डप्रेस, फोटोशॉप. भाषांच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी. घरात उर्दू वाचणाऱ्यांच्या यादीतही उर्दू नसते. विचारलं की उत्तर येतं, "सर, त्याचा कामाशी काय संबंध?" एक जण हळूच म्हणाला, "उगाच नजरेत कशाला यायचं?"

संबंध आहे, आणि तो थेट कामाचा आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण तिच्यातले आकडे डावीकडूनच वाचले जातात. पानाला दिशा सांगितली नाही, तर पूर्णविराम आणि कंस भलतीकडे जाऊन बसतात. नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात ती कापली जाते. म्हणून अनेक जण उर्दू मजकुराचं चित्रच चिकटवतात. त्या चित्रातला मजकूर कॉपी करता येत नाही आणि पर्यायी मजकूर दिला नसेल, तर अंध वाचकाचं स्क्रीन रीडर तिथे मुकं होतं. नोटो नस्तालीक उर्दूसारखा युनिकोड फॉन्ट मोफत मिळत असताना हे कशाला?

मराठीचंही तसंच. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ती वळणं आपोआप येतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर आणायचा तर आधी त्याचं रूपांतर करावं लागतं आणि नंतर प्रत्येक जोडाक्षर तपासावं लागतं. ही तपासणी भाषा येणाराच करू शकतो.

नावावरून काम नाकारलं जाण्याची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. पण भाषा लपवून नाव लपत नाही. लपतं ते फक्त एक कसब.

भाषा येते म्हणून पाया कच्चा चालेल, असंही नाही. पान मोबाइलवर नीट दिसलं पाहिजे, लवकर उघडलं पाहिजे आणि काम ठरल्या तारखेला पूर्ण झालं पाहिजे. हे जमलं की मगच भाषेचं वजन पडतं.

म्हणून एक करा. वस्तीतल्या एखाद्या वाचनालयाचं किंवा दवाखान्याचं माहितीपान तयार करा. मराठी आणि इंग्रजीत करा, उर्दू येत असेल तर तिन्ही भाषांत. ते नमुना म्हणून ठेवा आणि खाली चार ओळींत लिहा : अडचण काय होती, मी ती कशी सोडवली. कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा ग्राहकाला यातून जास्त कळेल. आणि हो, पुढे दर सांगताना भाषेचं काम फुकटात घालू नका. त्याचे पैसे वेगळे लावा.