हिऱ्याच्या कणातला दिवा

येलहंक्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची कन्या विद्यापीठातील एका संशोधक-गटात नुकतीच दाखल झाली. चकाकणारे अतिसूक्ष्म कण तयार करावयाचे आणि त्यांच्याकरवी चुंबकत्व व उष्णता मोजावयाची, असे तेथील काम. “पाच वर्षे हिऱ्याची भुकटी तपासून मुलीच्या पदरी काय पडणार?” असा या मातेचा प्रश्न आहे. असाच प्रश्न इतरही घरांतून विचारला जात असेल, म्हणून येथेच उत्तर देतो.

प्रथम ही भुकटी काय आहे ते पाहू. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची नेटकी मांडणी. तीत क्वचित एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसतो आणि शेजारचे घर रिकामे राहते. रचनेतील हा दोषच शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडतो. अशा हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो तांबडा उजळतो. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. त्यावर २.८७ गिगाहर्ट्झ कंपनसंख्येच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की तांबडा उजेड किंचित मंदावतो. जवळ चुंबक आणला तर या एका कंपनसंख्येच्या दोन होतात, आणि त्यांतील अंतरावरून चुंबकाचे बळ कळते. उष्णता वाढली की ती संख्या थोडी खाली सरकते. इलेक्ट्रॉनच्या ‘फिरकी’ या गुणामुळे हे घडते. म्हणून यास पुंज-संवेदन असे नाव आहे. विशेष हे की, यासाठी कडाक्याची थंडी निर्माण करावी लागत नाही. साध्या खोलीतही हे घडते.

१९९७ साली जर्मनीत अशा एकेका दोषाचा वेध घेण्यात आला. २०१३ मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी असे हिरककण जिवंत मानवी पेशीत सोडून तिच्या आतील तापमान मोजले. आपल्या देशात २०२३ साली ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झाले. त्यातील संवेदनाचे केंद्र पवईच्या आय.आय.टी.कडे आहे. तेव्हा मुलीने निवडलेली वाट निर्जन नाही.

परंतु पदरी काय पडेल? याचे उत्तर बंगळुरातच सापडते. त्रावणकोरच्या अण्णा मणी यांना आठव्या वाढदिवशी घरच्यांनी हिऱ्याची कर्णफुले देऊ केली. त्यांनी ती नाकारून ज्ञानकोश मागितला, असे सांगतात. पुढे १९४० मध्ये त्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि तीसहून अधिक हिऱ्यांची प्रतिदीप्ती त्यांनी तपासली. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-पंधरा तास लागत. १९४५ मध्ये प्रबंध सादर झाला; पण त्या एम.एस्सी. नाहीत, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही.

अन्याय खराच. तरीही शिकलेला हात रिकामा राहिला नाही. इंग्लंडमध्ये हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून १९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे आपल्याच देशात घडविण्याचे काम त्यांनी उभे केले आणि १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

म्हणून, भगिनी, दोन गोष्टी सुचवितो. नोंदणीचे व पदवीचे नियम मुलीला आजच वाचावयास सांगा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळते ना, मार्गदर्शक प्रयोगाकडे स्वतः लक्ष देतात ना, याची चौकशी करा. ही काळजी आईने अवश्य करावी. मात्र भुकटीचे मोल बाजारभावाने करू नका. प्रकाश मोजणे, चूक शोधणे, तेच माप शंभरदा घेणे, ही विद्या एकदा हाती आली की पुढे कोणत्याही कामी येते.

आणि रात्री जेवताना तिला अवश्य विचारा, “आज कण उजळला का?”