सुजाण पालकांचें स्तोम

गेल्या पावसाळ्यांत आमच्या रत्नागिरी शहरांत ‘सुजाण पालकत्व’ या विषयावर एक व्याख्यान झालें. वक्ते परगांवचे, विद्वान व गोड बोलणारे होते. मुलाच्या मनाची जडणघडण पहिल्या कांहीं वर्षांतच होते. म्हणून आईबाप दोघांनीं रोज सायंकाळीं एक तास सर्व व्यवधानें बाजूस ठेवून त्याच्याजवळ बसावें, नाहीं तर पुढें त्याच्या ठायीं जे दोष दिसतील त्यांस तेच उत्तरदायी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. शेवटीं प्रश्न मागविले तेव्हां मागच्या रांगेंतील एक बाई उठल्या. “आमचे घरचे मुंबईस असतात. गणपतीस नि शिमग्यास येतात. तो तास आम्ही कसा धरायचा?” सभेंत हशा पिकला. वक्तेही हंसले, ‘मग तुम्हांला दुप्पट लक्ष द्यावें लागेल’ म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आम्हांस हंसूं आलें नाहीं. त्या उत्तरांत या नव्या पालकशास्त्राचें सारें मर्म, आणि आमच्या मतें सारें वैगुण्यही, आलें आहे. बाप घरीं नाहीं. तो कां नाहीं हें विचारावयाचें नाहीं. त्याच्या वांट्याचें ओझें आईच्या डोक्यावर चढवावयाचें, आणि मूल बिघडलें तर तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावयाचें!

त्या बाई या जिल्ह्यांत अपवाद नव्हत. १९८१ पर्यंत सिंधुदुर्गासह एक असलेल्या या जिल्ह्यानें मुंबईच्या गिरण्यांस पिढ्यान् पिढ्या माणसें पुरविलीं. कर्ता पुरुष गिरणगांवच्या खोलींत दहा जणांबरोबर पथारी टाकी, आणि बायकामुलें इकडे मनिऑर्डरीची वाट पाहत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मुंबईची वाट मात्र बंद पडली नाहीं. २०११ च्या शिरगणतींत या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया भरल्या, आणि दहा वर्षांत एकंदर वस्ती १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. अशा ठिकाणीं ‘आईबाप दोघे’ हें गृहीत धरून शास्त्र सांगणें म्हणजे खाडीवर पूल आहे असें समजून गाडी हांकणें होय.

मग हीं मुलें वाढविलीं कोणी? आजीनें, काकूनें, शेजारणीनें, गुराख्यानें, मास्तरांनीं. एकाच्या पडवींत खेळलेलें मूल दुसऱ्याच्या माजघरांत जेवे आणि तिसऱ्याच्या ओटीवर झोपी जाई. याचें आम्ही गोडवे गाणार नाहीं. धाकट्या भावंडास कडेवर घेण्यासाठीं थोरल्या मुलीची शाळा सुटे. सुनेच्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवीत नसे. आणि आळी कोठें संपते व वाडी कोठें सुरू होते हें जात ठरवी. ‘सगळ्या गांवाचें मूल’ त्या सीमेपलीकडे सहसा जेवावयास बसत नसे. पण मूल ही दोन माणसांची खासगी कारागिरी आहे, हा भ्रम तरी त्या घरांस नव्हता.

येथें कोणी ‘श्यामची आई’ पुढें करील. साने गुरुजी याच जिल्ह्यांतील पालगडचे. १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें त्यांचें तें पुस्तक १९३५ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून प्रत्येक आईस तें आरशासारखें दाखविण्यांत येतें. पण आम्हांस शंका येते कीं दाखविणारांनीं तें नीट वाचलेलें नाहीं. त्यांत दूर्वांची आजी आहे, कांडपास येणारी मथुरी आहे, पत्रावळ लावणारे वडील आहेत. आणि साऱ्या घरावर सावकाराच्या कर्जाची सावली आहे. ती आई कर्जानें व आजारानें खचत गेली, हें सोडून फक्त तिचें वात्सल्य उचलावयाचें, ही वाचनाची कोणती रीत?

शास्त्राचा दाखलाही असाच अर्धा दिला जातो. आईपासून तुटलेल्या मुलांविषयीं जॉन बोल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९५१ मध्यें अहवाल लिहिला. कामावर जाणाऱ्या आईस भेडसावण्यासाठीं त्याचा पुष्कळ उपयोग झाला. परंतु समाजास आपल्या मुलांची किंमत असेल तर त्यानें त्यांच्या आईबापांस जपलें पाहिजे, असेंही त्याच अहवालांत बजावलेलें आहे. तें वाक्य व्याख्यानांत ऐकूं येत नाहीं.

अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लारो यांनीं २००३ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं मध्यमवर्गीय घरें मुलांची जणूं मशागत करतात, तर कष्टकरी घरें त्यांस आपापलें वाढूं देतात. आमच्या भाषेंत, एक कलम व दुसरा रायवळ. दुसऱ्या घरांत माया कमी नसते, आप्तांशीं घरोबा तर अधिकच असतो; परंतु शाळा नि कचेऱ्या कलमाचेंच फळ ओळखतात. आम्ही स्वतः कलमें बांधणाऱ्यांपैकींच आहों. आमच्या मुलाची संध्याकाळ शिकवणी, तबला व पोहणें यांत आम्हीं वांटून टाकली होती; त्यास प्रेम म्हणत होतों, आणि त्यांत भीति किती होती हें आतां कळतें. पांढरपेशांच्या या धास्तीस शास्त्राचें नांव देऊन ती मनिऑर्डरीवर चालणाऱ्या घरास शिकवावी, हें आम्हांस असह्य होतें.

त्या घरास खरा हात कोणी दिला असेल तर तो अंगणवाडीनें. ताराबाई मोडकांनीं १९४५ मध्यें बोर्डीस, आणि पुढें अनुताई वाघांसह १९५७ पासून कोसबाडला, शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. सरकारची बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. ज्या बाई आज गांवचीं मुलें सांभाळतात, तोलतात, जेवूं घालतात, त्या सरकारच्या दप्तरीं ‘मानसेवी’. त्यांस मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. त्यांस उपदानाचा हक्क आहे, हें ठरावयास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालय लागलें. ‘सुजाण’ पालकांच्या चर्चेंत मानधनाचा विषय आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

त्या सभेंत अशा दोन सेविका होत्या. खुर्च्या मांडावयास बोलावलेल्या. पुढील वर्षीं त्याच व्यासपीठावर त्यांपैकीं एकीस बोलूं द्यावें, आणि सभा दिवाळीच्या सुटींत न घेतां गणपतींत, बाप घरीं असतांना घ्यावी, असें आम्हीं चालकांस लेखी कळविलें आहे. अद्याप उत्तर नाहीं.