वाफाऱ्याचा टोप

आषाढात तेरेखोल फुगते, बांद्याच्या बाजारपेठेला पुराची धास्ती लागते, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि घरोघरी पडशाने नाके बंद होतात. मग संध्याकाळी टोपात पाणी उकळते. त्यात तुळस, ओवा, नाहीतर डबीतला बाम. डोक्यावरून गोधडी ओढून घरातले एकेक जण वाफारा घेते. या प्रथेला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण तिच्यात औषध किती आणि धोका किती, हा हिशेब आपण कधी मांडतच नाही.

औषध थोडेच आहे. पडसे विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपले आपण बरे होते. गरम दमट हवेने सर्दीला उतार पडतो का, याची छाननी चंदीगडच्या पी.जी.आय. संस्थेतील डॉ. मीनू सिंग व सहकाऱ्यांनी 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी केली. २०१७ च्या आवृत्तीत ३८७ रुग्णांवरच्या चाचण्या जमेस धरल्या होत्या. फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. बामाने नाक मोकळे वाटते तोही बराचसा भास. मेन्थॉल नाकात गारवा जाणवून देतो, श्वासाची वाट त्याने रुंद होत नाही. कोरड्या, थंड मुलखात हवेला ओलावा हवासा वाटतो हे समजू शकते. आषाढातल्या बांद्याच्या हवेत पाण्याची उणीव कोणी शोधून दाखवावी! तरीही घटकाभर शेंबूड सैल होतो, डोके हलके वाटते, हे खरेच. त्या सुखाला किती किंमत मोजायची, एवढाच प्रश्न.

कारण यात भाजते ते वाफेपेक्षा टोपातल्या पाण्याने. साठ अंशांचे पाणीसुद्धा मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. गोधडीच्या अंधारात जीव घुसमटला की मूल हातपाय झाडते, टोप कलंडतो आणि पाणी थेट पोटावर, मांड्यांवर, जांघेत. २०२० साली कोरोनाच्या पहिल्या लाटेत बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळातील डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की वाफाऱ्याच्या नादात भाजलेल्या मुलांचे प्रमाण तीसपट झाले. त्या काळात आपल्याकडेही दिवसातून तीन-तीनदा वाफ घेण्याचे पेव फुटले होते. वाफेने विषाणू मरतो म्हणे! विषाणू मरेल इतकी गरम वाफ नाकाला तरी कशी सोसेल?

तिथे निदान इस्पितळ शहरातच होते. इथे भर पावसात वाडीतून मूल उचलायचे, सावंतवाडी गाठायची आणि तिथून कोणी 'बांबोळीक व्हरूक व्हया' म्हणाले की गोव्याची वाट धरायची. त्या वाक्याचा अर्थ या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून लहान मुलांना टोपावर धरूच नये. त्यांच्या नाकात औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत, तान्ह्याला वरचेवर अंगावर पाजावे. कापूर तर त्यांच्यापासून लांबच ठेवावा. पोटात गेला तर झटके येतात. मोठ्यांनी खुशाल वाफ घ्यावी, पण गॅस बंद करून, पाणी थोडे निवल्यावर. रुंद बुडाचा टोप भक्कम टेबलावर ठेवावा; मांडीवर किंवा बिछान्यात कदापि नाही. उकळते पाणी घेऊन घरभर फिरू नये. गोधडीऐवजी पातळ टॉवेल पुरतो आणि पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली.

इतके करूनही भाजलेच, तर भाजल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांतले काही नको. आणि मुलाचा श्वास जलद चालला असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर ते नुसते पडसे नसते. टोप चढवण्याआधी डॉक्टरांकडे निघावे.