दोन कड्यांचा दरवाजा

गावात दरोडा घालावयाचा तर आधी पोलीस चौकीच ताब्यात घ्यावी, असा एड्सच्या विषाणूचा, म्हणजे एच. आय. व्ही.चा, खाक्या आहे. शरीरात शिरला की तो रोगांपासून आपले रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच गाठतो.

या पेशींच्या अंगावर प्रथिनांच्या बारीक कड्या असतात. इतर पेशींचे निरोप घेण्यासाठी त्या ठेवलेल्या. विषाणू मात्र त्याच धरून आत शिरतो. तो आधी 'सी. डी. ४' ही कडी धरतो, हे १९८४ साली उमगले. पण तेवढ्याने दार उघडत नाही. दुसरी कडी बहुधा 'सी. सी. आर. ५' असते, हे कळावयास १९९६ साल उजाडले.

त्याच वर्षी आणखी एक नवल उघडकीस आले. काही माणसांत या दुसऱ्या कडीच्या आनुवंशिक आराखड्यातली ३२ अक्षरे गळालेली असतात. आई आणि वडील दोघांकडूनही हाच वारसा आला, तर पेशीवर ती कडी बसतच नाही! उत्तर युरोपीय वंशाच्या शंभरांत सुमारे एकाला हे भाग्य लाभते; आपल्याकडे ते फार दुर्मीळ.

टिमोथी रे ब्राऊन हे अमेरिकन गृहस्थ बर्लिनला राहत. एच. आय. व्ही. होताच, त्यात रक्ताचा कर्करोग झाला. २००७ साली डॉ. गेरो ह्यूटर यांनी त्यांच्यासाठी मुद्दाम ही कडी नसलेला दाता शोधून त्याच्या मूळ पेशींचे रोपण केले. कर्करोग उलटल्याने २००८ साली पुन्हा रोपण करावे लागले. विषाणूवरची औषधे बंद केली, तरी विषाणू परतला नाही. २०२० साली ते वारले, ते कर्करोगाने.

मग सर्वांनाच हा उपाय का करू नये? एक तर हे रोपण जिवावरचे. शिवाय काही विषाणू 'सी. एक्स. सी. आर. ४' ही निराळीच कडी धरतात. आणि आज औषध नेमाने घेणारा रुग्ण दीर्घायुषी होऊ शकतो.

वाचकहो, या विषाणूला ठराविक पेशी लागतात. तेथवर तो पोचतो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून किंवा सुईतून, अथवा आईकडून बाळाला. हात धरल्याने, एका पंगतीत जेवल्याने तो येत नाही. तेव्हा अशा घरी दिवाळीच्या फराळाचे ताट अवश्य पाठवावे, आणि त्यांच्याकडून आलेला चिवडाही खुशाल खावा.