धीर की हट्ट?

पहिली पिढी कमावते, दुसरी सांभाळते आणि तिसरी उडवते, असं घरच्या धंद्याबद्दल आपल्याकडे म्हणतात. पेढीला, दुकानाला हे लागू पडतं, मग मोटारींच्या कारखान्यालाही पडायला हवं. पण फोर्ड कंपनीने हा हिशेब चुकवला. १९०३ साली हेन्री फोर्डने काढलेल्या या कंपनीचा अध्यक्ष १९९९ साली त्याचा पणतू, बिल फोर्ड झाला. म्हणजे चौथी पिढी. मधल्या काळात अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या आल्या, गेल्या, एकमेकींत विरघळल्या. हे घराणं मात्र टिकलं.

ते कसं टिकलं याचं एक कारण अगदी कागदी आहे. १९५६ साली कंपनीचे शेअर्स पहिल्यांदा लोकांना विकले, तेव्हा घरच्यांनी स्वतःसाठी वेगळ्या प्रकारचे शेअर्स ठेवले. एकूण शेअर्समध्ये त्यांचा वाटा आज जेमतेम दोन टक्के भरतो, पण मतं चाळीस टक्के. हे शेअर्स घराबाहेर विकले तर साधे होतात, त्यांचं जादा वजन जातं. थोडक्यात काय, तर पैसा बराचसा दुसऱ्यांचा आणि शब्द घरच्यांचा.

हे न्याय्य आहे का? सरळ उत्तर द्यायचं तर नाही. एका शेअरला एक मत हा साधा नियम आहे आणि तो इथे मोडला आहे. तरीही या व्यवस्थेची बाजू घेणारे लोक एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती खोटी नाही. नवीन गाडी कागदावरून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं लागतात, कारखाना उभा करायला त्याहून जास्त पैसा आणि वेळ लागतो. शेअर बाजार मात्र दर तीन महिन्यांनी हिशेब मागतो. अशा धंद्यात कुणीतरी धीर धरणारा मालक लागतो, आणि नातवंडांचा विचार करणारं घराणं तो धीर धरू शकतं.

मान्य. पण धीर आणि हट्ट बाहेरून अगदी सारखेच दिसतात, इथेच सगळी गोची आहे. फोर्डच्या घरात दोन्ही होऊन गेलेत.

हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. साधी, दणकट आणि वर्षागणिक स्वस्त होत गेलेली गाडी. १९१९ साली त्याने बाकीच्या सगळ्या भागीदारांचे शेअर्स विकत घेऊन टाकले. कोर्टकचेऱ्या करणारे, लाभांश मागणारे लोक गेले, कंपनी पूर्णपणे घरची झाली. त्याच वर्षी मुलगा एडसेल अध्यक्ष झाला. नावाला. शेवटचा शब्द बापाचाच.

विसाव्या शतकाच्या त्या तिसऱ्या दशकात धंदा बदलत होता. जनरल मोटर्स हप्त्याने गाडी देत होती, बंद टपाच्या आणि रंगीत गाड्या काढत होती, दरवर्षी काहीतरी नवीन दाखवत होती. लोकांना आता केवळ स्वस्त गाडी नको होती. एडसेलला हे दिसत होतं. त्याचा साडू अर्नेस्ट कॅन्झलर कंपनीतच मोठ्या पदावर होता. त्याने १९२६ साली हेन्रीला एक लांबलचक टिपण लिहिलं. अतिशय अदबीने लिहिलेल्या त्या टिपणाचा सूर एवढाच, की मॉडेल टीचे दिवस भरले, नवीन गाडी आणायला हवी. काही महिन्यांत कॅन्झलरची कंपनीतून गच्छंती झाली!

पुढच्याच वर्षी मॉडेल टी बंद करावी लागली. तोपर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या, पण पुढची गाडी तयार नव्हती. कारखाने काही महिने थंड पडले, हजारो कामगार घरी बसले आणि शेवरोलेने पहिला नंबर पटकावला. त्या शेवरोलेची सूत्रं विल्यम नुडसेनकडे होती. तोही १९२१ साली फोर्ड सोडून गेलेला माणूस.

बाप शहाणा नव्हता असं कोण म्हणेल? पण त्याला 'नाही' म्हणू शकेल असं त्या खोलीत कुणी उरलं नव्हतं. १९४३ साली एडसेल एकोणपन्नासाव्या वर्षी कर्करोगाने गेला आणि ऐंशीच्या घरातला म्हातारा पुन्हा अध्यक्ष झाला. अखेर घरातल्या बायकांनी हे थांबवलं. एडसेलच्या पत्नीने, एलिनोरने, आपले शेअर्स विकायची धमकी दिली, तेव्हा कुठे १९४५ साली अठ्ठावीस वर्षांच्या नातवाच्या हाती कंपनी आली. या दुसऱ्या हेन्रीने पहिलं शहाणपण हे केलं, की धंदा जाणणारी बाहेरची माणसं आणली. पण पुढे त्यालाही घराण्याचा वारा लागलाच. १९७८ साली त्याने ली आयाकोकाला काढलं. आयाकोका क्रायस्लरमध्ये गेला आणि फोर्डने नाकारलेली मिनीव्हॅनची कल्पना तिथे त्याने चालवून दाखवली.

आता पणतूकडे येऊ. बिल फोर्ड २००१ साली मुख्याधिकारीही झाला. वेळ वाईट होती. उलटणाऱ्या गाड्या आणि फायरस्टोनच्या टायरांचं प्रकरण नुकतंच घडून गेलं होतं, आणि गंमत म्हणजे बिलची आई फायरस्टोन घराण्यातलीच. पेट्रोल महागलं तसा मोठ्या गाड्यांचा खप उतरला. जानेवारी २००६ मध्ये चौदा कारखाने बंद करण्याची आणि पंचवीस ते तीस हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना त्यानेच जाहीर केली. त्या एका वर्षाचा तोटा १२०० कोटी डॉलरहून अधिक झाला.

सप्टेंबर २००६ मध्ये त्याने मुख्याधिकाऱ्याची खुर्ची सोडली आणि बोइंग या विमान कंपनीतून अ‍ॅलन मुलालीला आणून तिथे बसवलं. त्याला कुणी काढलं नव्हतं. चाळीस टक्के मतं घरात असताना काढणं सोपंही नव्हतं. पणजोबाला जे जमलं नाही ते पणतूने केलं. मुलालीने वर्षअखेरीस कारखान्यांसकट निळ्या लंबगोलातलं 'फोर्ड' हे नावसुद्धा गहाण टाकून २३६० कोटी डॉलर कर्ज उभं केलं. घरचं आडनाव गहाण! लाभांशही बंद झाला, तो २०१२ सालीच परत सुरू झाला. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, फोर्डने केला नाही. (सरकारकडून काहीच घेतलं नाही असं मात्र नाही. कमी इंधन लागणाऱ्या गाड्यांसाठीचं ५९० कोटींचं कर्ज त्याच वर्षी मिळालं.)

याच आवराआवरीत जग्वार आणि लँड रोव्हर २००८ साली २३० कोटी डॉलरला टाटा मोटर्सकडे आल्या. मुंबईत रतन टाटांचं त्या वेळी किती कौतुक झालं ते आठवत असेल. पण टाटांची मांडणी फोर्डपेक्षा वेगळी आहे हे आपण विसरतो. टाटा सन्सचे सुमारे दोन तृतीयांश शेअर्स धर्मादाय विश्वस्त संस्थांकडे आहेत. मालकी घराच्या नावाची, पण घरच्या खिशातली नव्हे.

आणि घराण्याच्या धीराला कुंपण असतं, हेही आपल्याला इथेच बघायला मिळालं. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. चेन्नईच्या कामगारांना मात्र २०२२ मध्ये शेवटची गाडी बाहेर काढून घरी जावं लागलं. 'आम्ही एक कुटुंब आहोत' हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या भाषणात ऐकलं की मला ते कामगार आठवतात. धंद्याचा तोटा दाखवून कारखाना बंद करता येतो, पण मग कुटुंब हा शब्द तरी जपून वापरावा.

आता विजेच्या गाड्यांचा काळ आला आहे आणि जुना प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. फोर्डच्या विजेच्या गाड्यांच्या विभागाला २०२३ मध्ये ४७० कोटी डॉलरचा तोटा झाला, २०२४ मध्ये ५०० कोटींच्या वर. हा धीर आहे की हट्ट? आणि माघार घेतली तर ते शहाणपण की मॉडेल टीचीच पुनरावृत्ती? निकाल लागेपर्यंत बाहेरच्याला सांगता येणार नाही.

मला विचाराल तर घराण्याची पारख त्याच्या निर्णयांवरून करू नये, निर्णय कुणाचेही चुकतात. कॅन्झलरचं टिपण आलं की त्याचं काय होतं, ते बघावं. चाळीस टक्के मतांच्या जोरावर तो कागद टोपलीत टाकता येतो, आणि तो लिहिणाऱ्याला स्वतःच्या खुर्चीवरही बसवता येतं. फोर्डच्या घरात दोन्ही झालं. आपल्याकडेही कितीतरी कंपन्या आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हातात जात आहेत. तिथे असं टिपण लिहिणारा कुणी आहे का, आणि असला तर दुसऱ्या दिवशी तो कामावर असतो का?