पायरी आधी मोजा, मग बसवा



गेल्या वर्षी आमची जुनी छोटी मोटार विकून मुलानं डबल कॅबचा पिकअप घेतला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. द्राक्षबागेची औषधं, खताची पोती, बेदाण्याचे क्रेट, आणि वर घरची पाच माणसं, सगळं एकाच गाडीत बसतं. हिशेब मीही मांडून पाहिला होता. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरायची राहिली. ती म्हणजे आमच्या आत्तींचे गुडघे.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. नवी गाडी आल्यावर महिनाभरात साताऱ्याला माझ्या माहेरी भाचीचा साखरपुडा होता. आत्ती म्हणाल्या, "मला नको, तुम्ही जाऊन या." पुढं पौर्णिमेला कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला निघालो, तेव्हाही तेच, "मला नको." मला नवल वाटलं. 1963 साली तिथं 28 फुटी बाहुबलींची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा नवीन लग्न झालेल्या आत्ती बैलगाडीनं गेल्या होत्या. ती गोष्ट त्या अजून सांगतात. मला वाटलं, वयानं मन विरक्त झालं असेल. आपणही किती सोयीचा अर्थ काढतो!

एकदा दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अंगणात गाडी उभी होती, आसपास कोणी नव्हतं. आत्तींनी दार उघडलं, एक हात सीटवर ठेवला, पाय उचलला आणि परत खाली टेकवला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला. मग मी बाहेर आले तशी पदरानं दाराची काच पुसायला लागल्या. त्यांना विरक्ती आली नव्हती, त्यांना गाडीत चढता येत नव्हतं.

मुलाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "आई, साइड स्टेप बसवून टाकू." दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटोही दाखवले. चकचकीत स्टीलचे गोल पाइप, काळे जाड फूटबोर्ड, दार उघडलं की खालून दिवे लागणारे. दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "लूक कसा पाहिजे?" गाडीत कोण चढणार, हे कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, आज काही घ्यायचं नाही, घरी चला.

घरी आल्यावर शिवणाच्या टेपनं मोजलं. जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत, म्हणजे आत पाय ठेवतो तिथपर्यंत, 27 इंच. आमच्या घराच्या पायऱ्या 7 इंचांच्या. म्हणजे आम्ही आत्तींना जवळजवळ चार पायऱ्या एका ढांगेत चढायला सांगत होतो. मग अंगणात विटा रचल्या. तीन विटांवर, म्हणजे 9 इंचांवर, आत्ती माझा हात धरून सहज चढल्या. चौथी वीट ठेवल्यावर चढल्या नाहीत. एक बारीक फरशी ठेवून 10 इंच केले, तर खांबाला धरून चढल्या. झालं, माप मिळालं.

आता गणित बघा. मध्ये एकच पायरी बसवली, तर 27 चे दोन भाग होतात, साडेतेरा आणि साडेतेरा. आत्तींना हे जमणार नाही. खाली लोंबणारी पायरी घेतली तर पहिला टप्पा कमी होतो, पण वरचा तेवढाच वाढतो. शिवाय ती बागेच्या बांधाला आणि गावातल्या गतिरोधकाला घासते. म्हणून आम्ही 17 इंचांवर रुंद सपाट फूटबोर्ड घेतला आणि सुताराकडून 8 इंच उंचीचा, पायांना रबर लावलेला छोटा चौरंग करून घेतला. तो सीटखाली राहतो. 8, मग 9, मग 10. दाराच्या आत खांबाला पकडायला मजबूत हँडल लावलं. चौरंगाला आणि हँडलला मिळून जो खर्च आला, तो चकचकीत पाइपाच्या किमतीपुढं काहीच नव्हता.

गोल पाइप का नको, तेही सांगते. त्यावर तळव्याचा जेमतेम थोडा भाग टेकतो. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल चपलेला लागलेला असला, की ओल्या स्टीलवरून पाय सटकलाच म्हणून समजा. म्हाताऱ्या माणसाला दोन्ही पाय पूर्ण टेकवून क्षणभर थांबता आलं पाहिजे. रुंद बोर्डाचा एक तोटा मात्र आहे, उतरताना साडीला चिखल लागतो. मला तो चालतो. साडी धुता येते.

आणखी दोन गोष्टी बघा. बोर्ड गाडीच्या चेसिसला बोल्टनं बसवलेला हवा. नुसत्या पत्र्याला किंवा प्लास्टिकच्या पट्टीला अडकवलेला नको. किती वजन पेलतो ते बिलावर लिहून घ्या. आणि पावसाळा संपला की बोल्ट आवळून घ्या. कृष्णाकाठची क्षारपड माती लोखंडाला सोडत नाही.

बोर्ड लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिची मला लाज वाटते. द्राक्षाच्या विरळणीला बायका येतात, त्यांना मुलगा सकाळी याच गाडीतून बागेत नेतो. इतके महिने त्या साडी वर खोचून, दाराला लोंबकळून चढत होत्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तरुण मुलांना मात्र या पायरीचा वेगळाच उपयोग सुचतो. गाडी चालू असताना बोर्डवर उभं राहायचं, एका हातानं कॅरिअर धरायचं. बागेतल्या बागेत तर आहे, म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या 123 व्या कलमानं हे मना आहे, उभं राहणाऱ्यालाही आणि राहू देणाऱ्या चालकालाही. आमच्या घरी नियम केला, बोर्डवर पाय दिसला की गाडी हलणार नाही.

काही जण म्हणतील, एवढ्या साध्या गोष्टीत धर्म कशाला? मला तर तिथंच धर्म दिसतो. आपले मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात जमीन पाहूनच पाऊल टाकतात. आपल्याला तेवढं जमत नाही, आपण गाडीनं फिरतो. पण पाऊल कुठं पडणार आणि त्यानं कोणाला इजा होणार, एवढं आधी पाहणं गृहस्थाच्याही हातात आहे. खालचे दिवे मी याच कारणानं नाकारले. संध्याकाळी त्या उजेडावर किडे जमतात आणि आपलाच पाय त्यांच्यावर पडतो. ज्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्या घरानं असे दिवे विकत घ्यावेत का? अंधारासाठी बोर्डाच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली, ती आत्तींना नीट दिसते.

माझं मत एवढंच आहे. गाडी चालवणाऱ्यानं गाडी निवडावी, पण पायरी निवडावी ती चढायला सगळ्यात जड जाणाऱ्या माणसाच्या मापानं. दुकानात जाण्याआधी अंगणात चार विटा रचा आणि त्या माणसाला चढायला सांगा. बाकीच्यांना ती पायरी आपोआप जमते.

आणि घरातलं वडीलधारं माणूस "मला नको" म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. एकदा गाडीपाशी नेऊन बघा. मागच्या पौर्णिमेला आत्ती कुंभोजला आल्या. खिडकीशी बसल्या, आणि परत येईपर्यंत ती बैलगाडीची गोष्ट दोनदा सांगून झाली.