पऱ्हाटीचं इंधन होईल, पण तिच्यातल्या राखेचं काय?

कापसाची शेवटची वेचणी झाली की जालना जिल्ह्यात भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरतात. फरदड घेतली तर गुलाबी बोंडअळी वाढते, म्हणून त्या वेळेत उपटाव्याच लागतात. थोड्या चुलीला जातात, बऱ्याचशा बांधावर पेटवल्या जातात.

या काडीकचऱ्याला आता मोठं गिऱ्हाईक आहे. कोळशावरच्या वीज केंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास कोळशात मिसळावा, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२३ मध्ये ठरवलं. जालन्याच्या जवळचं असं केंद्र म्हणजे परळी.

पण पऱ्हाटी चिवट असते, कोळशासारखी दळली जात नाही. उपाय म्हणजे ती भाजणं. जवळपास हवाबंद भट्टीत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवली की ओल आणि काही वायू निघून जातात. काडी काळपट, ठिसूळ होते आणि किलोमागे जास्त उष्णता देते. या प्रक्रियेला टॉरिफॅक्शन म्हणतात.

मग अडचण कुठे? खनिजांमध्ये. झाडाने जमिनीतून घेतलेलं पोटॅश, कॅल्शियम, सिलिका या तापमानाला उडून जात नाही. समजा १०० किलो सुक्या काडीत ५ किलो राख आहे आणि भाजल्यावर ७० किलो माल उरला. राख तेवढीच, पण तिचं प्रमाण ५ वरून ७ टक्क्यांच्या पुढे गेलं. त्यात पोटॅश काडीचं विघटन वेगाने घडवतं. त्यामुळे जास्त पोटॅशची काडी त्याच तापमानाला जास्त वजन गमावते. म्हणजे एकाच सेटिंगवर सगळा माल भाजला तर प्रत्येक घाण्याचा निकाल वेगळा.

बॉयलरमध्ये पुढचा त्रास. पोटॅशमुळे राख कमी तापमानाला वितळते, नळ्यांवर चिकटते. सोबत क्लोरीन असेल तर धातू गंजतो. डेन्मार्कमध्ये गव्हाचं काड जाळणाऱ्या वीज केंद्रांनी हे भोगलंय. पावसात भिजून पिवळ्याचं करडं झालेलं काड तिथे बरं मानतात, कारण पोटॅश आणि क्लोरीन पाण्यासोबत धुऊन गेलेलं असतं. मराठवाड्यात पऱ्हाटी निघते ती कोरड्या दिवसांत, त्यामुळे ही धुलाई फुकटात होत नाही.

आणि माती! मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीला काळी माती चिकटून येते, तीही राखेतच मोजली जाते. मुळं झटकून, काडी वाळवून दिली तर राख कमी होते. पण खरेदी नुसत्या वजनावर असेल तर ही मेहनत शेतकरी कशाला घेईल? राखेच्या टक्क्यावर भाव ठरला तरच तिला मोल आहे. तो टक्का कोण, कुठे मोजणार, हे सौद्याआधीच विचारलेलं बरं.

एक हिशेब मात्र कुणी मांडत नाही. पऱ्हाटीसोबत शेतातलं पोटॅशही गाडीत चढतं. बांधावर जाळली तर निदान राख तरी शिवारात राहत होती.